आभाळाकडे बघत बसण्यापेक्षा गोणपाट भिजवा: पेरणीआधीच्या काळजीतून कामाकडे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. रात्री दोन-अडीचला डोळा उघडतो. पंखा गरम हवाच फिरवत असतो, घरातले सगळे झोपलेले असतात आणि आपला हात आपोआप उशाशी ठेवलेल्या मोबाइलकडे जातो. हवामानाचं ॲप उघडायचं, ढगाचं चित्र दिसलं की जरा बरं वाटून घ्यायचं, सूर्याचं दिसलं की दुसरं ॲप उघडायचं. मग गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचं देणं, बियाण्याची पिशवी, मुलीची फी, गेल्या सालचा भाव, अशी एकामागून एक सगळी रांग लागते. कोंबडा आरवतो तेव्हा अंग आंबलेलं असतं आणि हातून काहीच झालेलं नसतं.

लातूर जिल्ह्यात माझी साडेपाच एकर कोरडवाहू जमीन आहे. विहीर आहे, पण दिवाळीनंतर तिचा भरवसा धरता येत नाही. वर वर्णन केल्या तशा रात्री मी किती काढल्या त्याला मोजमाप नाही. या लेखात त्यातून बाहेर पडण्याची माझी पद्धत लिहितो आहे, जशी करतो तशीच, क्रमानं. "काळजी करू नकोस" असं सांगणारे सगळ्यांनाच भेटतात. कर्म कर, फळाकडे बघू नकोस, हेही आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकतो आणि ते पटतंही. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी: उद्या सकाळी सहा वाजता नेमकं कोणतं कर्म करायचं, हे ठरलेलं नसतं. ते ठरलं की मनाला धरायला काहीतरी मिळतं. नाही ठरलं, तर मन आभाळालाच लोंबकळत राहतं.

पद्धतीकडे वळण्याआधी एक अनुभव. एका साली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एकच जोरदार सर आली. शेजारच्या रानात तिफण चालू झालेली दिसली आणि माझ्या पोटात कालवाकालव झाली. आपण मागे राहिलो तर? घात, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून गेली तर? दुसऱ्या दिवशी मी तीन एकर पेरून मोकळा झालो. जमीन वरवर चार बोटं ओली होती, खाली कोरडी ठणठणीत. पुढे अठरा दिवस थेंब नाही. कोंब वर आले, पिवळे पडले आणि करपले. दुबार पेरणी करावी लागली, तीही उसनवारीच्या बियाण्यावर. त्या साली एक गोष्ट कळली. काळजी माणसाचे हातपाय गाळते एवढंच आपल्याला ठाऊक असतं, पण तीच काळजी माणसाला घाईही करायला लावते. मी त्या दिवशी काम केलं खरं, पण ते काम माझ्या भीतीनं ठरवलं होतं.

पहिलं काम: डोक्यातलं वहीत उतरवा

शंभर पानी साधी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका, कारण मोबाइल उघडला की ॲप उघडतंच. वहीची दोन समोरासमोरची पानं एकत्र वापरायची. डाव्या पानावर काळजी जशी मनात येते तशीच, त्याच शब्दांत लिहायची. उजव्या पानावर तिच्यासमोर तीन गोष्टी: काम काय, कोण करणार, कोणत्या दिवशी.

माझ्या वहीतली काही खरी उदाहरणं देतो.

डावीकडे: "बी उगवलंच नाही तर?" उजवीकडे: उगवण चाचणी, मी, सोमवारी सकाळी.

डावीकडे: "पाऊस लांबला तर?" उजवीकडे: १५ जुलैनंतर काय पेरायचं ते ठरवणं, त्याचं बी कुठे मिळेल ते कृषी सहाय्यकाला विचारणं, मी, गुरुवारी.

डावीकडे: "खतावर खर्च करून उपयोग झाला नाही तर?" उजवीकडे: मातीचा नमुना काढणं, धाकटा भाऊ, या आठवड्यात.

डावीकडे: "यंदा एल निनो आहे म्हणतात." उजवीकडे बराच वेळ पेन धरून बसलो, काही सुचेना. मग त्या ओळीवर आडवी रेघ मारली.

ही रेघ मारणं फार महत्त्वाचं आहे. प्रत्येक काळजीसमोर काम सापडेलच असं नाही. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापणं, त्यानं आपला पाऊस कमी होतो म्हणतात. ते पाणी किती तापलं यावर माझ्या औताचा काही इलाज चालत नाही. पण रेघ मारण्याआधी प्रश्न एकदा उलटून पाहायचा. "पाऊस येईल का?" या प्रश्नावर काम निघत नाही. "पाऊस उशिरा आला तर मी काय करीन?" म्हटलं की लगेच दोन-तीन कामं निघतात. "होईल का" ला "झालं तर काय करीन" मध्ये बदलायचं, एवढंच. तसं बदलूनही काही निघालं नाही, तर रेघ.

पहिल्या रात्री माझ्या डाव्या पानावर तेवीस ओळी झाल्या होत्या. त्यांतल्या सहा एकाच गोष्टीच्या होत्या, वेगवेगळ्या शब्दांत. डोक्यात त्याच सहा मला साठ वाटत होत्या.

दुसरं काम: गोणपाट

आता थोडं सावकाश लिहितो, कारण माझ्या मते सगळ्या पद्धतीचं मूळ इथे आहे. मनाला कितीही समजावलं तरी ते ऐकत नाही. हाताला काम दिलं, त्या कामाचा निकाल डोळ्यांनी पाहिला, तर ऐकतं.

सोयाबीनचं बी नाजूक असतं. त्याची साल पातळ असते. पोतं आपटलं, एकावर एक जास्त थप्पी लावली, मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला, की उगवण घटते. आणि हे वरून दिसत नाही. दाणा टपोरा, पिवळा, चकचकीत असतो आणि आतून मेलेला असतो. म्हणून घरचं असो वा दुकानातलं, बी तपासायचंच.

ते असं. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून आणि तळातून मूठमूठ बी काढायचं आणि एकत्र मिसळायचं. त्यातून न निवडता शंभर दाणे मोजायचे. चांगले चांगले दाणे वेचले तर आपणच आपल्याला फसवतो. गोणपाटाचा तुकडा पाण्यात भिजवून पिळून घ्यायचा, जमिनीवर अंथरायचा आणि त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्याला दाणा लागणार नाही अशा मांडायच्या. वर दुसरा ओला तुकडा टाकायचा. दोन्ही मिळून अलगद गुंडाळी करायची, दोऱ्यानं सैल बांधायची आणि सावलीत ठेवायची. रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. गोणपाट ओलं राहिलं पाहिजे, पण पाणी ठिबकता कामा नये. अशा तीन गुंडाळ्या केल्या तर सरासरी काढता येते.

सहाव्या-सातव्या दिवशी उघडायचं. मी गेल्या वर्षी ओसरीवर उघडलं. ओल्या गोणपाटाचा आणि कोंबांचा मिळून एक कच्चा, हिरवट वास येतो. पांढरी मुळं तागाच्या धाग्यांत घुसलेली असतात, सोडवताना करकर वाजतात. काही दाणे फुगून मऊ पडलेले, बोट लावलं की फुटणारे. काहींवर बुरशीचा कापूस. बायको मोजत होती, मी लिहीत होतो. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तोच दाणा धरायचा, तुटका किंवा वाकडातिकडा नाही. पहिल्या गुंडाळीत ६६, दुसरीत ६१, तिसरीत ६५. सरासरी ६४.

प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते आणि त्या हिशोबानं एकरी ३० किलो बी धरतात. माझी उगवण ६४, म्हणजे तीस गुणिले सत्तर भागिले चौसष्ट: एकरी जवळपास ३३ किलो. "बी उगवलं नाही तर" ही महिनाभर छातीवर बसलेली काळजी शेवटी एकरी तीन किलो जास्त बियाण्यावर आली. उगवण साठच्या खाली गेली असती तर ते बी मी पेरलं नसतं, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, घातलं असतं आणि दुसरं बघितलं असतं. त्यालाही हातात वीस दिवस होते. जूनमध्ये रानात कळलं असतं तर हातात काहीच नसतं.

सोयाबीन हे सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नसलेलं, पीक आहे, त्यामुळे एकदा प्रमाणित बी आणलं की त्याचंच बी दोन-तीन वर्षं ठेवता येतं. दरवर्षी पिशव्यांमागे धावायची गरज नाही, ही गोष्ट अजूनही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पेरणीआधी बीजप्रक्रिया करायची ती आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियमसारखं जिवाणू संवर्धक, या क्रमानं. क्रम उलटा झाला तर जिवाणू मरतात.

तिसरं काम: नियम आधीच ठरवा आणि भिंतीवर लिहा

पाऊस पडल्यावर विचार करायचा नाही. त्या दिवशी विचार नीट होत नाही. शेजारी पेरत असतो, आडत्याचा फोन येतो, आई म्हणते मृग निघून चालला. म्हणून थंड डोक्यानं, मे महिन्यातच, नियम लिहून ठेवायचे. आमच्या ओसरीच्या भिंतीवर खडूनं लिहिलेले असतात:

पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय आणि घात आल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, म्हणजे पेरायचं नाही.

१५ जुलैपर्यंत सोयाबीन. सोबत तूर, सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन.

मूग-उडीद जुलैचा पहिला आठवडा गेला की नाही.

१५ जुलैनंतर बाजरी, सूर्यफूल, तूर. ऑगस्ट उजाडला तर एरंडी, सूर्यफूल, धने.

या ओळी मी शोधून काढलेल्या नाहीत. परभणीचं कृषी विद्यापीठ आणि कृषी खातं वर्षानुवर्षं हेच सांगत आलं आहे. तुमची जमीन हलकी असेल, पाऊसमान वेगळं असेल, तर तुमच्या नियमांत फरक पडेल. कृषी सहाय्यकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून आपले आपण ठरवा. काम होतं ते "असं झालं तर तसं करायचं" हे आधी लिहून ठेवल्यानं. मग पाऊस लांबला तरी आपण हरवल्यासारखे होत नाही, भिंतीवरच्या पुढच्या ओळीवर जातो.

आता हा पाऊस मोजायचा कसा? "बक्कळ झाला", "बरा झाला" हे मोजमाप नाही. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक तुमच्या रानापासून दहा किलोमीटरवर असू शकतं आणि आपल्याकडे पाऊस एका शिवारात पडून दुसरं कोरडं सोडतो. सरळ कडांचा, खाली-वर सारख्याच रुंदीचा डबा घ्या. उघड्यावर, झाडापासून लांब, खांबाला पक्का बांधा. रोज सकाळी आठ-साडेआठला आत पट्टी बुडवा. पाणी दहा मिलिमीटर, म्हणजे पाऊस दहा मिलिमीटर. लिहा आणि डबा रिकामा करा. पाच मिनिटांचं काम आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, हे एकदा कळलं की त्या पट्टीकडे बघण्याची नजरच बदलते. दुबार पेरणीच्या साली हा डबा असता, तर शेजारची तिफण बघून मी हललो नसतो.

चौथं काम: बातमी किती वेळा बघायची

दिवसातून दोनदा. सकाळी डब्यातलं पाणी मोजल्यावर आणि संध्याकाळी जेवणाआधी. त्यापेक्षा जास्त वेळा बघून पाऊस आलेला मी पाहिला नाही.

काय बघायचं तेही ठरवून ठेवा. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज आणि मंगळवारी-शुक्रवारी निघणारी कृषी सल्ला पत्रिका, एवढं पुरे. ती पत्रिका मेघदूत ॲपवर मराठीत मिळते. विजांसाठी दामिनी ॲप ठेवा, तो जिवाचा प्रश्न आहे, त्याला दोनदाची अट नाही. बाकी व्हॉट्सॲपवर फिरणारे "या तारखेला मुसळधार" असे निरोप मी उघडत नाही. हंगामाचा दीर्घ अंदाज एप्रिलमध्ये येतो, मेअखेर सुधारतो. त्यातला गाजणारा आकडा अख्ख्या देशाच्या सरासरीचा असतो. देशात सरासरीच्या १०४ टक्के पाऊस झाला म्हणून माझ्या शिवारात होईलच, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

गेली काही वर्षंच आठवून बघा. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ ला मान्सून २४ मे रोजीच केरळात पोचला, नेहमीच्या १ जूनपेक्षा आठवडाभर आधी, आणि त्याच साली सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीनं उभी पिकं आणि माती वाहून गेली. या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यात मी जी काळजी केली होती, ती वेगळ्याच गोष्टींची होती. जे झालं ते माझ्या यादीत नव्हतंच.

पाचवं काम: काळजीला वेळ नेमून द्या

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मानसोपचारातही ही रीत वापरतात आणि मला तिचा फार उपयोग झाला. दिवसातली वीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेवायची. माझी वेळ संध्याकाळी सात, गोठ्यातलं आवरल्यावर. तेव्हा वही घेऊन बसायचं आणि दिवसभर जे मनात आलं ते डाव्या पानावर लिहून त्याचं उजवं पान भरायचं. अंथरुणावर बसून हे करायचं नाही, नाहीतर अंथरूण काळजीचीच जागा होऊन बसतं.

दिवसा रानात काही मनात आलं की स्वतःला सांगायचं: सातला बघू. पहिला आठवडा मन ऐकत नाही. नंतर ऐकायला लागतं, कारण त्याला कळतं की सात वाजता खरोखरच कुणीतरी त्याचं म्हणणं लिहून घेणार आहे. रात्री जाग आली तरी तेच. उशाशी कागदाचा चिठोरा आणि पेन ठेवा. एक शब्द लिहा, "व्याज" किंवा "पंप", आणि कूस बदला. झोपताना उद्याची तीन कामं लिहून ठेवली तर झोप लवकर लागते, हे माझ्यापुरतं मी पक्कं सांगतो.

माझा पुतण्या पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. "जाहिरात कधी निघेल, जागा किती असतील" यानं त्याचेही दिवस जात होते. त्यालाही वही घ्यायला लावली. डाव्या पानावर जाहिरात, उजव्या पानावर गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेतले वीस प्रश्न. जाहिरातीच्या ओळीवर त्यानं स्वतःच रेघ मारली.

सहावं काम: पैशाचा आकडा डोळ्यांसमोर आणा

शेतकऱ्याच्या रात्रीच्या काळजीत सगळ्यात जड पैसा असतो आणि नेमकी तीच गोष्ट आपण लिहीत नाही. घरात सांगत नाही. बायकोला वाटतं दोन लाख आहेत, असतात साडेतीन. हे ओझं एकट्यानं वाहणं सगळ्यात वाईट, माझं हे मत पक्कं आहे.

एका रविवारी दुपारी दोघांनी बसा. सोसायटी, बँक, बचत गट, कृषी सेवा केंद्राची उधारी, हातउसने, सावकार असेल तर तोही. प्रत्येकासमोर चार गोष्टी: मुद्दल, व्याज, कधी द्यायचे, आणि थकले तर काय होईल. शेवटची गोष्ट लिहिताना हात थांबतो. तरी लिहा. पुष्कळदा असं दिसतं की सगळ्यात जास्त टोचणारं देणं सगळ्यात मोठं नसतं. ते ज्याला रोज तोंड दाखवावं लागतं त्याचं असतं. ते छोटं असेल तर आधी फेडा.

मुदतीत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येतं. म्हणून जिथे शक्य आहे तिथे मुदतीची तारीख वहीच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहा. एक तारीख चुकली की वर्षभराची सवलत जाते. फेडता येणार नसेल, तर तारखेच्या आधी शाखेत जाऊन तसं सांगा आणि पुनर्गठनाचं, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून देण्याचं, विचारा. फोन न उचलणं हा उपाय नाही, त्यानं फक्त रात्री वाढतात.

मग हंगामाचा खर्च. बी, खत, फवारणी, मजुरी, मळणी, सगळं एकरी लिहा आणि त्याच्याखाली दुसरा आकडा: पीक पूर्ण गेलं तर वर्ष काढायला घराला किती लागेल. हा आकडा भयंकर वाटतो म्हणून आपण तो काढत नाही. काढल्यावर त्याच्यासमोर कामं येतात: दोन शेळ्या, दुधाची म्हैस, घरच्यापुरती ज्वारी, थोरल्याचं शहरातलं काम. आकडा नसतो तेव्हा मात्र काहीच सुचत नाही.

पीक विमाही इथेच. खरिपाच्या अन्नधान्य आणि गळीत पिकांना शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दोन टक्के असतो. मध्यंतरी राज्यात २०२३ पासून एक रुपयात विमा होता, २०२५ च्या खरिपापासून पुन्हा शेतकऱ्याचा हिस्सा भरावा लागतो. भरपाईचे नियमही बदलत राहतात, म्हणून गेल्या सालच्या माहितीवर जाऊ नका. अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका, त्या दिवशी केंद्रावर सर्व्हर आणि माणसं दोन्ही बसलेली असतात. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या बांधावर उभं राहून करा. सातबाऱ्यावर पीकच लागलं नाही तर पुढचं सगळं अडतं.

सातवं काम: पावसाचा खंड पडल्यावर

पेरणी झाली, पीक गुडघ्याला आलं आणि पाऊस दडी मारून बसला. हे दिवस मला मे महिन्यापेक्षा कठीण वाटतात, कारण डोळ्यांदेखत पानं माना टाकतात. तेव्हा बांधावर बसून राहायचं नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात, खालची ओल टिकते आणि तणही तेवढं पाणी पीत नाही. पेरणीनंतर महिनाभराच्या आत दर चार ओळींनंतर एक मृत सरी, म्हणजे ओळींमधली रिकामी चर, काढून ठेवली असेल, तर पाऊस कमी झाला तरी ती पाणी मुरवते आणि जास्त झाला तरी बाहेर काढते. पोटॅशियम नायट्रेटची एक टक्का फवारणी, म्हणजे दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम, ताणात पिकाला आधार देते. विहिरीत थोडंच पाणी असेल तर फुलोरा आणि शेंगा भरतानासाठी राखा, तेव्हा तुषार संचानं दिलेलं एक पाणी सगळ्यात मोलाचं.

हे सगळं करूनही पीक जाऊ शकतं. पण कोळपं धरून रानात तीन दिवस घालवलेल्या माणसाला रात्री झोप लागते. बांधावर बसलेल्याला लागत नाही. दोन्ही मी केलं आहे.

आठवं काम: भाव

२०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं. पुढच्या वर्षांत ते हमीभावाच्याही खाली आलेलं आपण पाहिलं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. भाव आपल्या हातात नाही, ही ओळ रेघेची. पण मळणीच्याच दिवशी विकायचं की थांबायचं, हे थोडंफार हातात आहे. माल वाळवून ओलावा १२ टक्क्यांवर आणा, नाहीतर खरेदी केंद्रावर परत येतो. पैशाची निकड असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजना चालते का, ते सप्टेंबरातच विचारून ठेवा. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळतं. आणि सगळा माल एकदम विकायचा नाही. आमच्याकडे तीन भाग करतो: देण्यापुरता लगेच, दुसरा संक्रांतीच्या सुमारास, तिसरा बियाण्याला आणि नंतरला.

आणि तरीही गेलं तर

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या खालच्या रानात कमरेइतकं पाणी होतं. पाणी ओसरलं तेव्हा शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. त्या दिवशी वहीबिही काही आठवलं नाही, मी आणि बायको, दोघंही बांधावर रडलो. रडणं आलं तर रडावं. दुसऱ्या दिवशी मात्र उजवं पान काढलं. तारखेसह फोटो, चारही कोपऱ्यांतून. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि कृषी सहाय्यक यांना लेखी अर्ज, पोचेसह. पंचनाम्याच्या दिवशी स्वतः हजर. वरच्या दोन एकरांतली उरलेली रास वाळत घालणं. पाणी हटताच ओलीवर हरभऱ्याची तयारी. पाचच ओळी होत्या, पण त्या पाच दिवसांत प्रत्येक सकाळी उठायला एक कारण होतं.

एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, घरच्यांशी बोलणं बंद झालं असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर ती वहीनं सुटणारी काळजी नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. शेजाऱ्याच्या घरात असं काही दिसलं तर "काय झालंय" एवढं विचारायला संकोच करू नका आणि त्याच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जा. पिकाबद्दल विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१.

बाकी सगळं एकदम करायला जाऊ नका. आज संध्याकाळी वही आणा आणि फक्त डावं पान लिहा. उद्या सकाळी पोत्यातून तीन मुठी बी काढा, शंभर दाणे मोजा आणि गोणपाट भिजत घाला. त्याच्यावर त्या दिवसाची तारीख लिहायला विसरू नका, सहावा दिवस कोणता ते नंतर आठवत नाही.